पिशोरची टाकी

आमच्या वायनरीत वाइन करणारे पुष्कळ होते, पिणारं कोणी नव्हतं. ही थट्टा नाही. वीस-बावीस बागायतदारांनी मिळून पैठण रस्त्यावर उभी केलेली ती संस्था. अध्यक्षांच्या गळ्यात तुळशीची माळ, सभासदांतले निम्मे चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारे, आणि टाक्या, पंप, पाइप सांभाळणारे मिस्त्री पाच वक्ताचे नमाजी. नाशिककडच्या लोकांचं वाइनमध्ये बस्तान बसल्याचं कानावर आलं, सरकारनं सवलती जाहीर केल्या, आणि आमच्याकडच्या शेतकऱ्यांनीही बागेच्या कोपऱ्यात वाइनच्या वेली लावून टाकल्या. वाइन कशाशी खातात, हे नंतर बघू म्हणाले. ते बघायला मला नेमलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, शहरात वाढलेली, तिशीही न गाठलेली बाई. चाखायचं काम माझ्या एकटीचं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि वहीत लिहायचं. माझी आई नातेवाइकांना सांगायची की मुलगी ज्यूसच्या कारखान्यात आहे. सभासद मला मॅडम म्हणायचे आणि माझ्याशी बोलताना एक पाऊल लांब उभे राहायचे.

आमचं नवं साल पाडव्याला सुरू व्हायचं. तोवर गाळप उरकलेलं असे, वेली रिकाम्या झालेल्या असत आणि एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आलेली असे. पुढच्या वर्षासाठी वेल राखायची की उपटून दुसरं पीक घ्यायचं, हे ज्याला त्याला तेव्हाच ठरवावं लागे. म्हणून सभा पाडव्याला. सगळ्यात उंच टाकीच्या शिडीला गुढी बांधायची, कडुलिंब आणि गूळ वाटायचा, मग नव्या वाइनचे दोन-तीन स्टीलचे पेले रांगेतून फिरवायचे. एकेक जण पेल्यात नाक घालून 'वास चांगलाय' म्हणायचा आणि पेला शेजाऱ्याकडं द्यायचा. पेले फिरून माझ्याकडं परत यायचे तेव्हा वाइन जेवढीच्या तेवढी असायची. एवढ्यावर आमची पुढच्या सालाची दिशा ठरायची. सुरुवातीला मला याचं हसू येई, नंतर नंतर डोकं फिरायला लागलं.

माझं भांडण एकाच गोष्टीसाठी होतं आणि ते मी सलग तीन पाडवे भांडले. आमच्याकडं सगळ्यांची द्राक्षं एकत्र आंबवायची रीत होती. पैठणकडच्या भारी काळ्या रानातला माल, गंगापूरचा माल, पिशोरच्या डोंगरउतारावरचा माल, सगळं टेम्पोतून उतरायचं आणि एकाच हौदात जायचं. मला एक लहान टाकी वेगळी हवी होती. एका गावच्या द्राक्षाची चव त्याच गावची म्हणून कळू दे, मग दुसऱ्या गावाची करू, तिसऱ्याची करू, एवढंच मागणं होतं. सगळं एकत्र कालवून आम्ही जी वाइन करत होतो तिला वाईट म्हणता येत नव्हतं आणि चांगली म्हणायला जीभ रेटत नव्हती.

अध्यक्ष माणूस सज्जन. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. ते म्हणायचे, "मॅडम, एका पंगतीला बसवल्यावर एकाला श्रीखंड अन् एकाला पिठलं वाढायचं नसतंय. ह्याचा माल चांगला, त्याचा वाईट म्हणलं की संस्था फुटली म्हणून समजा. म्या दोन संस्था फुटलेल्या बघितल्यात."

मी म्हणायची, "म्हणून श्रीखंडात पिठलं कालवून वाढायचं का?"

सगळे हसायचे. टाकी एकच राहायची.

हा हट्ट मला ज्यांच्यामुळं लागला ते पिशोरकडचे एक आबा. साठीच्या पुढचे, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. त्यांची वाइनची बाग दोन एकर, मुरमाड उतारावर. त्यांचा माल आला की मी हातातलं काम टाकून बाहेर यायची. करवंदाएवढे मणी, जाड साल, काळेभोर. चिरडला की बोटं दिवसभर जांभळी राहायची आणि मिरीसारखा वास यायचा. साखर मोजायची नळी डोळ्याला लावावी तर चोविसाच्या आसपास, म्हणजे चांगल्या वाइनला हवी तितकी बरोबर. दुसऱ्यांच्या मालात एवढं कधी दिसत नसे.

आबांना मात्र त्या मालाची लाज वाटायची. जरा मोठे घड वरच्या क्रेटमध्ये रचून आणायचे, टेम्पो सगळ्यांच्या मागं लावायचे. म्हणायचे, "औंदा बी माल बारीकच हाय मॅडम. मनावर नका घेऊ." मी म्हणायची, आबा, लई चांगला माल आहे. ते मान हलवायचे, पण त्यांना ते खरं वाटत नसे. शहरातली शिकलेली पोरगी म्हाताऱ्याचं मन राखतेय, एवढंच त्यांना वाटत असावं.

दरवर्षी त्यांच्या मालातली दोन-चार किलो द्राक्षं मी बाजूला काढून लोणच्याच्या काचेच्या बरणीत आंबवत असे. ती वाइन चाखली की वाटायचं, हे आपल्या मातीत होतं आणि आपण ते दरसाल हौदात बुडवतो. बरणी मी सभेतही नेली होती. पण जिथं पिणारंच कोणी नाही तिथं बरणी काय सिद्ध करणार? त्यांनी तिचाही वास घेतला आणि चांगलाय म्हणाले.

तिसऱ्या पाडव्याच्या आधी आबांनी सांगितलं, की आता वेली काढतो आणि अद्रक लावतो. त्यांच्या भागात अद्रक चांगलं होतं, आजूबाजूच्या सगळ्यांनी लावलेलं होतं. "बारीक मालाचं काय करायचं मॅडम? तुम्ही चांगलं म्हणता, पन हौदात पडल्यावर कुनाला दिसतंय?" टाकी यंदा मिळाली नाही तर पुढं ती मागायला कारणच उरणार नव्हतं.

त्या सभेला फर्दापूरकडच्या एका हॉटेलचे व्यवस्थापक आले होते. लेणी बघायला येणारे परदेशी पाहुणे इथली वाइन मागतात, म्हणून चौकशीला. मी त्यांना बरणीतली वाइन दिली. हा पहिला माणूस, जो आमच्या आवारात सगळ्यांसमोर वाइन प्याला. दोन घोट घेऊन त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "ही कुठल्या गावची?"

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. गावाचं नाव कोणी विचारतंय, हे त्यांना श्रीखंड-पिठल्याच्या पलीकडचं वाटलं असणार. तासभर वाद झाला आणि अखेर ठरलं, की एक टाकी, एक वर्ष, पिशोरच्या मालाची. पुढच्या पाडव्याला ती सगळ्यांच्या वाइनपेक्षा सरस निघाली तर गावोगावच्या टाक्या वेगळ्या करू. नाही निघाली, तर हा विषय मॅडमनी पुन्हा काढायचा नाही.

मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "संस्थेत येणाऱ्या सगळ्या मालात आबांचा माल एक नंबर आहे."

आबा मागं, चपलांपाशी बसले होते. सगळ्या माना वळल्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "म्या काय केलंय?"

लोक हसले. मीही हसले. म्हाताऱ्याचा विनय म्हणून आम्ही ते सोडून दिलं. आबांनी त्या वर्षी वेली काढल्या नाहीत.

ते वर्ष मी हवेत होते. कोपऱ्यात एक लहान टाकी गळकी म्हणून पडली होती, तिचा व्हॉल्व्ह मिस्त्रींनी बदलून दिला आणि ऑइलपेंटनं तिच्यावर 'पिशोर' असं रंगवलं. पावसाळ्यात एकदा आबांच्या बागेत जाऊन आले. वेली निरोगी होत्या, विहीर काठोकाठ भरलेली होती, त्यांनी शेंगा भाजून दिल्या. मी फवारणीबद्दल दोन गोष्टी बोलले आणि परत आले. त्यानंतर गेले नाही. गाळपाच्या आधी मी बागा फिरायची, पण जिथं गडबड असेल तिथं. पैठणकडं कुठं पानांवर भुरी पडली, गंगापूरला कुठं माल लवकर पिकला, ते बघायचं. जी बाग उत्तम आहे ती बघायला कशाला जायचं? फोनवर मात्र प्रत्येक वेळी सांगायची, आबा, सगळं दरवर्षीसारखंच करा.

"दरवर्षीपेक्षा चांगलं करतो मॅडम. बिनघोर ऱ्हावा."

हे ऐकून मला बरं वाटायचं. आज लिहिताना त्या बरं वाटण्याचा संताप येतो.

मार्चच्या सुरुवातीला त्यांचा टेम्पो आला. या खेपेला तो रांगेत मागं थांबला नाही, सरळ पुढं आला. आबा पांढरेशुभ्र कपडे घालून शेजारी बसले होते, मांडीवर नारळ आणि झेंडूचा हार. क्रेट सगळे नवे, आत कागद घातलेला, परदेशी पाठवायच्या मालाला घालतात तसा. मिस्त्रींनी वरचा कागद उचलला आणि माझ्याकडं बघितलं.

मोठाले घड, टपोरे मणी, एकसारखे. बाजारात मांडले असते तर बघणाऱ्यानं किंमत न विचारता उचलले असते. मिस्त्री हळूच म्हणाले, "मॅडम, ये तो खाने के अंगूर हो गए."

मी मणी तोडून रस नळीवर घेतला. सतरा. दुसऱ्या क्रेटमधला घेतला. सतराच. तिसऱ्यातलाही तेवढाच. आबा शेजारी उभे राहून सांगत होते, आणि एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पुतण्याच्या शेततळ्यावरून पाइप आणला. कालपर्यंत पाणी तोडलं नाही. घडांची विरळणी केली, मणी फुगायचं औषध आणून दोनदा एकेक घड त्यात बुडवला, घरची सगळी माणसं लावून.

"तुमची टाकी म्हणल्यावर बारीक माल कसा आनावा? सभेत नाव घेतलं तुम्ही."

खायच्या द्राक्षाला हे सगळं करावंच लागतं. आमच्याकडच्या कुठल्याही चांगल्या बागायतदाराला मोठा मणी म्हणजेच माल, हे लहानपणापासून माहीत असतं. आणि मी चार वर्षं संस्थेच्या समितीला, अध्यक्षांना, हॉटेलवाल्यांना वाइनच्या द्राक्षाबद्दल भाषणं दिली होती. ज्या माणसाच्या जिवावर दिली, त्याला मात्र लहान मणी का चांगला, हे एकदाही नीट बसून सांगितलं नव्हतं. फक्त चांगला आहे, चांगला आहे म्हणत राहिले.

आबांनी टाकीला हार घातला, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा पहिल्यांदा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच काही निघालं असतं.

वाइन व्हायची तशी झाली. पाण्यात रंग सोडल्यासारखी. मी ती रोज चाखायची, जणू रोज चाखल्यानं सुधारणार होती. मिस्त्रींनी एक दिवस टाकीवर थाप मारून म्हटलं, "जाने दो मॅडम. अगले साल." पुढचं साल मिळणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं.

पाडव्याला शिडीला गुढी लागली, सभा भरली. दोन पेले फिरले, एक सगळ्यांच्या वाइनचा आणि एक पिशोरचा. नाकं आत गेली, बाहेर आली. "सारखंच हाय की," कोणीतरी म्हणालं, आणि मांडवातून सुटकेचा निःश्वास फिरल्यासारखं वाटलं. फर्दापूरचे व्यवस्थापक आले होते. त्यांनी पिशोरचा एक घोट घेतला, 'ठीक आहे' म्हणाले आणि पेला खुर्चीखाली ठेवून दिला. अध्यक्षांना यात जिंकल्याचा आनंद वगैरे नव्हता. ते एवढंच म्हणाले, "चहा घेऊ अन् ठराव करून टाकू. विषय मार्गी लागला."

माझ्या पिशवीत वही होती. तीन वर्षांचे साखरेचे आकडे एका पानावर, यंदाचा शेजारच्या पानावर. चहानंतर मी उठून दोन वाक्यं बोलले असते तर काम झालं असतं. जमिनीत खोट नाही, यंदा पाणी आणि औषध घालून माल फुगवला म्हणून वाइन पातळ झाली, अजून एक वर्ष द्या. बागायतदारांनाच सांगायचं होतं, त्यांना पाण्याची भाषा लगेच कळली असती. मी वाक्यं मनात जुळवत टाक्यांच्या मागं उभी होते, तेवढ्यात आबा आले. हातात चहाचा कप तसाच होता.

"मॅडम, कुठं कमी पडलं?"

मी म्हटलं, "कमी नाही पडलं आबा. जास्त झालं." आणि मग जे चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते टाक्यांच्या आडोशाला उभं राहून सांगितलं. वेलीला शेवटी ताण बसला की मणी लहान राहतो, साल जाड होते, रस घट्ट होतो, चव त्यातच असते. पाणी मिळत गेलं की मणी फुगतो आणि चव पातळ होते.

आबांनी कप या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "जानेवारी लागला की विहीर आटती मपली. दरसाल. पानी द्यायचं मनात लई असायचं, पन असायचंच नाय. म्हनून बारीक ऱ्हायचा माल."

"हो. म्हणूनच चांगला व्हायचा."

"म्हंजी तुम्ही मपल्या आटलेल्या विहिरीचं कौतुक केलं व्हतं." कप त्यांनी टाकीच्या कठड्यावर ठेवला. "आन् मी सालभर समजत व्हतो, मपलं केलं."

नाही आबा, तुमचंच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते खोटं आहे हे मलाच ऐकू आलं. आतून अध्यक्षांनी सगळ्यांना बसायला सांगितल्याचा आवाज आला.

"हे आता सभेत सांगनार का?"

"सांगावं लागेल. नाहीतर टाकी गेली. तुमच्या जमिनीत खोट आहे असं समजतील सगळे."

"समजू द्या. जमिनीत खोट हाय म्हना." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "चाळीस सालं झाली बागंला पानी घालतोय. पानी घालून बाग नासवली असं गावात नका होऊ देऊ, मॅडम."

"मग वेली काढाल तुम्ही."

"काढतो. त्याचं काय."

ते आत गेले आणि चपलांपाशी आपल्या जागेवर बसले. मी त्यांच्या मागून गेले. मला आबांचा राग आला होता, अध्यक्षांचा आला होता, पेल्यात नाक घालणाऱ्या प्रत्येकाचा आला होता. सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण वहीतलं ते पान दाखवलं तर मी खरी ठरणार होते आणि खरी ठरायला मला एका म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उभं करावं लागणार होतं.

अध्यक्षांनी ठराव वाचला आणि सवयीनं माझ्याकडं वळले. दरवर्षी याच वेळी मी उठते हे त्यांना पाठ झालं होतं. "मॅडम, नव्या सालासाठी तुमचं काय म्हननं?"

मी बसूनच म्हटलं, "काही नाही. एकच टाकी बरी आहे."